चार चाकांची खोली

बाबा अंधेरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी एका शाळेची जुनी व्हॅन विकत घेतली. घरात कुणाला विचारलं नाही. चारकोपच्या आमच्या बिल्डिंगखाली ती उभी राहिली, तेव्हा आईने खिडकीतून बघून कपाळावर हात मारला. "ह्यां काय हाडलात आता?"

"तुझ्यासाठीच," बाबा म्हणाले.

त्यांचा बेत असा होता, की व्हॅनमध्ये झोपायची, रांधायची सोय करायची आणि समुद्राच्या कडेकडेने आईला आमच्या गावापर्यंत, मालवणपर्यंत न्यायचं. वाटेत कुणाकडे उतरायचं नाही, कुणाच्या घरी पदर खोचून चुलीपाशी बसायचं नाही. लग्न झाल्यापासून आई गावाला जायची ती फक्त इतरांना जेवायला वाढायला. पाहुणी म्हणून ती कधी कुठे गेलीच नव्हती.

बाबांनी जीव ओतून काम केलं. बाकं काढून घडीचा पलंग बसवला, शेगडीसाठी कप्पा केला, पाण्याची टाकी आणि छोटा नळ लावला. आईने तोंड वाकडं करत का होईना, जुन्या साडीचे पडदे शिवून दिले. सगळं झाल्यावर बाबा एका रविवारी गाडी जवळच्या मार्वेच्या किनाऱ्यापर्यंत फिरवून आले. आई गेली नाही. सुरमई आली होती, ती कोण साफ करणार?

मग माझी बारावी आली. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात टीव्ही, शेजारीण आणि कुकरच्या शिट्ट्या. बाबाच म्हणाले, "खाली बस गो अभ्यासाक. परीक्षा झाली की आम्ही निघतलंव." मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावता येईल अशी जागा मिळाली होती. झकास अभ्यास झाला.

परीक्षा संपली आणि गावाहून चुलतभाऊ नोकरीसाठी आला. झोपणार कुठे? बाबांनी त्याला किल्ली दिली. आजोबा गिरणीत होते तेव्हा परळला गाववाल्यांच्या खोलीत राहत. पाळीपाळीने झोपायचं, एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच अंथरुणावर. बाबांचं लहानपण त्या खोलीच्या गोष्टी ऐकण्यात गेलेलं. पथारी मागायला आलेल्या गाववाल्याला 'नाही' म्हणायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आता तर त्यांच्याकडे चांगला पलंग होता!

चुलतभाऊ स्वतःच्या भाड्याच्या खोलीत गेला, तर त्याचा मित्र आला. मग गावच्या एक काकी इस्पितळात होत्या, त्यांची माणसं राहिली. मधल्या काळात आईने गणपतीचं मखर, मोठी पातेली, सुक्या बांगड्यांचा डबा खाली नेऊन ठेवला. पुढे मला नोकरी लागली, आणि घरातून काम करायची वेळ आली तेव्हा मीही लॅपटॉप घेऊन तिथेच बसले. बिल्डिंगमधले लोक गाडीला 'खोली' म्हणायला लागले. "वहिनी घरी नाहीत? मग खोलीत असतील बघ." आई खरोखरच तिथे बसून वाटाणे सोलत असायची. चालत्या गाडीत मात्र ती एकदाही बसली नाही.

बाबा देखभाल करत राहिले, आणि मला आज सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. दर रविवारी ते ऑइल बघायचे, बॅटरी बघायचे, पत्रा गंजला की घासून रंग लावायचे. इंजिन सुरू करायचं असायचं, पण आत कुणी झोपलेलं असलं तर ते हातात फडकं घेऊन त्याच्या उठण्याची वाट बघत बाहेर उभे राहायचे. स्वतःच्या गाडीच्या दारात! मग आत कोणीतरी पातेली धरून ठेवायचं आणि बाबा गाडी हातभर पुढे, हातभर मागे घ्यायचे. टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून. मी चिडायचे. "बाबा, एकदा सगळ्यांना बाहेर काढा ना, यार!" ते हसायचे. "पुढल्या वर्षी जावया."

आता बिल्डिंग पाडून नवी होणार आहे. खालची जागा रिकामी करायची होती आणि गाडीच्या नोंदणीची मुदतही संपत आली होती. घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी दहिसरच्या पुढचा एक भंगारवाला हो म्हणाला. तो गाडी ओढून न्यायला माणूस पाठवणार होता. बाबा म्हणाले, "माझी गाडी मी चालवत नेतलंय."

मखर, पातेली, पुस्तकं सगळं वर आणलं. रिकामी गाडी किती मोठी दिसत होती. निघायच्या वेळी आई खाली आली ती चांगली साडी नेसून, हातात डबा घेऊन. डब्यात घावणे आणि चटणी. मी म्हटलं, "अगं, भंगारात द्यायला चाललोय." ती पुढचं दार उघडून बाबांच्या शेजारी बसली. मी मागे पलंगावर बसले.

गाव दक्षिणेला, आणि आम्ही निघालो उत्तरेला. गाडी एकदाही खोकली नाही. सिग्नलला थांबली, वळली, चढावर चढली. साडीचे पडदे वाऱ्याने उडत होते. आई काच खाली करून बाहेर बघत होती, दुकानं, पूल, माणसं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून आम्ही घावणे खाल्ले. गाडीतल्या त्या नळाखाली आईने पहिल्यांदा प्रवासात हात धुतले.

भंगारवाल्याच्या फाटकापाशी पोचलो तरी बाबांनी इंजिन बंद केलं नाही. ते चालूच होतं, एका लयीत. आईने समोरच्या पत्र्यावर हात ठेवला.

"बरी चालता वो," ती म्हणाली. "ही गावाक पोचली असती?"

"पोचली असती," बाबा म्हणाले, आणि त्यांनी किल्ली फिरवली.