याकूबभाईंच्या दोन पेट्या

याकूबभाई गेल्याचा फोन शाळेच्या कार्यालयात आला तेव्हा मी नववी ‘ब’ची हजेरी घेत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, “गुरुजी, याकूबभाई वायरमन गेले. सकाळीच. छातीत दुखलं म्हणे.” मी मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला. हजेरी पूर्ण केली, हजर मुलांची बेरीज फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली, खडू ठेवला, मग ती चुकली आहे असं दिसलं म्हणून पुसून पुन्हा लिहिली... आणि मगच निघालो. हे काही कौतुकानं सांगत नाही. त्या दिवशी आत काही हललंच नाही, आणि आज दीड महिना होत आला तरी फारसा फरक पडलेला नाही. जनाज्याला खांदा दिला, कब्रस्तानात मूठभर माती टाकली, त्यांच्या बायकोच्या, जुलेखाभाभींच्या अंगणात तासभर बसलो आणि घरी येऊन रोजच्यासारखा जेवलो. बायको म्हणाली, रडून घ्या एकदा. येत असतं तर रडलो असतो.

गोंडपिपरीच्या आसपासची पंधरा-वीस खेडी याकूबभाईंच्या हद्दीत होती. अंगानं काटकुळे, खाकी पँट, कमरेच्या पट्ट्यात खोचलेली पक्कड आणि सायकलच्या कॅरिअरला गुंडाळलेला दोर, असा त्यांचा अवतार. खांबावर चढले की खाली उभ्या माणसांशी गप्पा चालू ठेवायचे, पण हात तारेजवळ गेला की एकदम गप्प. त्यांचा वर्तमानपत्राचा नाद दांडगा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर येऊन माझ्या आधी ते सगळा पेपर वाचून काढत आणि मला बातम्या तोंडी सांगत, म्हणजे मी पैसे देऊन घेतलेला पेपर मला ऐकावा लागे. मी इतिहास-नागरिकशास्त्राचा मास्तर. दोन माणसं दिसली की भाषण ठोकायची मला खोड. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी एखादं वाक्य असं बोलायचे की माझ्या भाषणातली हवाच जायची. आमची मैत्री अशी होती.

गावापासून चार किलोमीटरवर जंगलाच्या कडेला माझी पाच एकर धानाची शेती आहे. तिला लागून दौलतची. दौलत गोंड, मेहनती, बोलायला कमी. आमच्या वडिलांच्या वेळेपासून मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होता, धुरा कोणी किती कोरला याचा. तोवर तो वाद तोंडाचाच होता. मग एका हंगामात रानडुकरांनी दोघांच्याही बांध्या, धानाची खाचरं, नांगरल्यासारख्या उलथ्यापालथ्या केल्या आणि दौलतनं विजेच्या तारेवर आकडा टाकून शेताभोवती जिवंत तार सोडली. धुऱ्यावरूनही नेली. डुकरांसाठी की माझ्यासाठी, हे मी त्याला विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी तडक याकूबभाईंकडे गेलो आणि म्हणालो, मलाही तार लावून द्या.

त्यांनी आधी साफ नकार दिला. म्हणाले, “गुरुजी, मीनं एक बाई उचलली आहे तारीवरून. मोहफुलं वेचाले निघाली होती पहाटे. रातची तार कोनी बंद नव्हती केली. टोपली तशीच डोक्याजवळ पडली होती... नाई जमत मले.” मी म्हणालो, मग दौलतची आधी काढा. वायरमनच्या हातात पक्कड असते, त्याला आकडा काढायला किती वेळ लागतो? पण दौलतची तार काढली आणि उद्या त्यानं पुन्हा टाकली तर, आणि ती मी काढायला लावली हे त्याला कळलं तर... हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं, त्यांच्या होतं. आठवड्यानं ते स्वतःच आले. म्हणाले, “लावून देतो. पण माह्या पद्धतीनं. पेटी मी बसवीन, कुलूप माह्यं राहीन. दिवस बुडता मीच चालू करीन, उजाडता मीच बंद करीन. तुमी हात नाई लावाचा, अन् कोनाले सांगाचं नाई, माही नोकरी जाते.” हेच सगळं त्यांनी दौलतलाही सांगितलं होतं. त्याचा आकडा काढून त्याच्याही खांबावर पेटी बसवली. दोन्ही पेट्यांवर एकेक लाल दिवा. दिवा पेटला म्हणजे तारेत करंट आहे असं समजायचं.

तेव्हापासून दर हंगामात पोळ्यानंतर धान कापून होईपर्यंत याकूबभाई रोज संध्याकाळी सायकलनं यायचे, घंटी वाजवत दोन्ही शेतांना फेरी मारायचे आणि दोन दिवे लावून जायचे. सकाळी पुन्हा. निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. मी माझ्या बांधीतून दौलतचा लाल दिवा बघायचो, तो त्याच्या राखणीच्या माळ्यावरून माझा. धुऱ्याकडे दोघांपैकी कोणी फिरकत नसे, आणि गंमत म्हणजे धुरा कोरला गेल्याची तक्रारही त्या दिवसापासून संपली. डुकरं कमी झाली होती. एखादं घुसून तार तोडायचं, तेव्हा याकूबभाई म्हणायचे, फ्यूज उडाला, आणि तार सांधून द्यायचे.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आपण वाळवंटात अणुचाचण्या केल्या आणि महिना सरायच्या आत शेजाऱ्यानंही केल्या. पेढे वाटले गेले, मग थोडे घशातच अडकले. जुलैत शाळेत या विषयावर माझं भाषण ठेवलं होतं, गावातली चार माणसंही ऐकायला आली होती. मी तयारीनं उभा राहिलो. शत्रूच्या हातात असं हत्यार असेल तर आपण काय करावं? हात जोडावेत? त्याच्या घरात घुसून ते हिसकावावं? दोन्ही खुळेपणाचं. आपल्याकडेही तेच असावं, म्हणजे दोघंही धाकात राहतात आणि शांतता नांदते, असं मी म्हणालो. आणि बोलण्याच्या भरात माझा तोल गेला. म्हणालो, पुरावा हवा तर माझ्या शेतावर चला, माझीही तार आहे, दौलतचीही आहे, इतक्या दिवसांत धुऱ्यावरून एक शब्द झालेला नाही. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर याकूबभाई बसले होते. मान खाली घालून ते पायाच्या नखानं जमीन उकरत होते.

भाषणानंतर कोणीतरी मुद्दाम विचारलं, “याकूबभाई, तुमचं काय मत आहे बा?” सगळी डोकी मागे वळली. तसं वळायला नको होतं, हे मला उशिरा कळलं. मास्तरांना मत विचारलं की ते मत असतं, याकूबभाईंना विचारलं की ती तपासणी असते. ते उठले, हसले आणि म्हणाले, “माह्या हद्दीत जेवढे खांब आहेत, तेवढ्याचंच मी सांगू शकतो.” लोक हसले. मीही हसलो.

पुढच्याच आठवड्यात तारेची तक्रार गेली आणि चौकशीला वीज मंडळाचे साहेब आले. माझ्या एका वाक्यानं याकूबभाईंची नोकरी जाणार होती. मी घराबाहेर पडलो नाही, हे लिहून ठेवायला हवं. साहेबांनी दोन्ही शेतं पाहिली, पेट्या उघडून घेतल्या आणि चहा पिऊन परत गेले. काहीच झालं नाही. मला वाटलं, याकूबभाईंनी गोड बोलून निभावलं. माफी मागायला गेलो तर त्यांनी विषयच काढू दिला नाही. जुलेखाभाभींनी चहा आणला. मी म्हणालो, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला नाहीत, आता तरी सांगा, समोरच्याकडे बॉम्ब आहे, आपण काय करायचं?

“गुरुजी, समोरच्याच्या घरी करंट आला, तं त्याच्या घरात शिरून तो काहाडता येत नाई. हात लावला का आपनच चिकटतो,” ते म्हणाले. “आमच्यात कसं राह्यते, मी खांबावर चढाच्या आधी लाईन बंद कराले सांगतो. मंग ती लाईन माह्या तोंडच्या निरोपाबिगर कोनी चालू करत नाई. बंद करनाऱ्याशी माहं भांडन असन, बोलनं नसन, तरी नाई करत. भांडन वेगळं, लाईन वेगळी.”

“आणि त्यानं केली तर?”

“तं मी मेलो,” याकूबभाई म्हणाले. “पन तसं म्हनून कोनी खांबावर चढनं सोडलं नाई न.”

हे मला तेव्हा भाबडं वाटलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात डोंगरात लढाई पेटली, दोन्हीकडे बॉम्ब असून. आमच्या ओसरीवर पेपर वाचता वाचता ते एवढंच म्हणाले, “तार होती, तरी डुक्कर आलंच.” माझ्याकडे उत्तर होतं, लांबलचक होतं, आता आठवत नाही.

ते गेल्यावर महिन्याभरानं जुलेखाभाभींनी मला आणि दौलतला एकाच वेळी बोलावलं. दोन किल्ल्या पुढे ठेवल्या. म्हणाल्या, “एक तुमच्या पेटीची, भय्या, एक दौलतभाऊच्या. दोघाले संगच देजो म्हनत होते.” धान कापायला आलं होतं, दिवे लागत नव्हते. आम्ही नव्या वायरमनला घेऊन शेतावर गेलो. त्यानं आधी माझी पेटी उघडली, आत बॅटरी मारली, मग दौलतची उघडली. पुन्हा माझ्याकडे आला.

“गुरुजी, इथी तं नुस्त्या बल्बाचं कनेक्शन आहे. तारीले काईच जोडलं नाई. दोन्हीकडं तसंच. कधी जोडलंच नसन, पेचावरचा रंगई फुटला नाई.”

दौलतनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत एवढ्या जवळून आम्ही एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. मला आधी राग आला. कोणी फसवल्याचा येतो तसा, साधा. मी पोरांपुढे, गावापुढे ज्या तारेचा दाखला दिला ती कपडे वाळत घालायच्या लायकीची होती, आणि ती बांधणारा माणूस मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता. साहेबांना त्या पेट्यांत काय दिसलं असेल, हेही तेव्हा उमगलं. मग राग ओसरला आणि पुन्हा ते बधिरपण आलं. रोज दोन वेळा सायकल मारणारा म्हातारा आणि दोन लाल दिवे, एवढ्यावर आमचं चाललं होतं. धाकानं चाललं होतं, हे माझं म्हणणं तसं खरंच ठरलं. पण देशांच्या पेट्या रिकाम्या नसतात, आणि दोघांच्याही किल्ल्या ज्याच्याकडे विश्वासानं द्याव्यात असा याकूबभाई त्यांच्या मध्ये कुठे असतो, मला ठाऊक नाही. मुलांना यंदा अणुचाचण्यांचा धडा शिकवताना मी पुस्तकातलं वाचून दाखवलं, आपलं काही घातलं नाही.

“जोडून देऊ का?” वायरमननं हळूच विचारलं.

“काहाडून टाका,” दौलत म्हणाला. मीही हो म्हणालो. वायरमन हसला, म्हणाला, याला मी कशाला हवा, तुम्हीच गुंडाळा की, आणि सायकलवर बसून गेला. धुऱ्यावर आम्ही दोघंच उरलो.

“काहाडा, गुरुजी,” दौलत म्हणाला.

“तुमची आधी लागली होती, दौलतभाऊ. तुम्ही आधी काढा.”

त्यानं धुऱ्यावरची तार बोटानं वाकवली. “आज तुमच्या पेटीत काई नाई, हे मीनं पाह्यलं. उद्या तुमी जोडून घेतलं तं?”

तसं करणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं... पण मीही त्याला हेच विचारणार होतो. मग आम्ही दोन्ही पेट्यांना कुलूप लावलं आणि एकमेकांशी न बोलता, पण बरोबरच, जुलेखाभाभींकडे परत आलो. किल्ल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हणालो, तुमच्याकडेच राहू द्या.

त्यांना काही कळेना. त्यांनी दोन्ही किल्ल्या हातावर घेतल्या. मग म्हणाल्या, “मले काय कराचं याचं? यांची तुमी घ्या, तुमची यायले द्या. झालं न.”

त्यांनी हात पुढे केला होता. दौलत जमिनीकडे बघत होता, मी दाराकडे. दोघांपैकी एकानंही किल्ली उचलली नाही. थोड्या वेळानं भाभी उठल्या, दाराशेजारी याकूबभाई पक्कड अडकवायचे त्या खिळ्याला त्यांनी दोन्ही किल्ल्या अडकवल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला लाज वाटली. याकूबभाई गेल्यापासून मला काही वाटलं असेल तर ते एवढंच.