लाल झेंड्यांचं घोडदळ

रिसोडला माझ्या मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं लढाया खेळतो. म्हणजे मोठ्या टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडायचे, पट्टीने मोजून पुढे सरकवायचे आणि कोण मेलं ते फाशांवर ठरवायचं. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का, असं रिठदला आमच्या घरी अधूनमधून विचारलं जातं. विचारोत. सोयाबीन घरात येऊन पडलं की मला दुसरा छंद नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आमचं घोडदळ रंगवायला घेतलं. घोड्यांच्या आयाळी, स्वारांचे पटके, सगळं बारीक कुंचल्याने. लाल रंगाची डबी मित्रानेच आणून दिली. "झेंडे मोठे कर लेका, लांबून दिसले पायजेत," म्हणाला. मी हरखून गेलो. माझ्या हातच्या कामाचं कौतुक करणारा तो एकटाच होता.

मग वाशीमला तिथल्या दोघांशी आमची जोडीने लढत होती. जिंकणारी जोडी नागपूरच्या स्पर्धेला जाणार होती. मला नागपूरचं एवढं अप्रूप नव्हतं. त्याचा जोडीदार म्हणून जायचं, याचं होतं. बेत त्याने सांगितला: मी घोडदळ घेऊन डावीकडच्या टेकडीवर चढायचं, तिसऱ्या फेरीत तो पायदळ घेऊन माझ्या मदतीला येणार. मी डोळे झाकून मान डोलावली.

मी टेकडीला भिडलो आणि समोरच्यांनी झाडून सगळ्या तोफा माझ्याकडे वळवल्या. तिसरी फेरी आली, पायदळ आलं नाही.

"कुठी आहे तुहं पायदळ?" मी विचारलं.

"येऊन राह्यलं ना बे. दम धर."

पुढच्या फेरीत माझे निम्मे घोडे टेबलावरून उचलले गेले. मी चिडलो, फासे आपटले, लोकांसमोर त्याच्याकडे मदत मागितली. माझी ती तगमग पाहून वाशीमच्या दोघांनी उरलेसुरले शिपाईही टेकडीकडे आणले. तेवढ्यात मित्राचं पायदळ उजवीकडचा ओस पडलेला पूल ओलांडून त्यांच्या छावणीत शिरलं आणि लढाई संपली. आम्ही जिंकलो.

"बुजगावणं झकास उभं केलं भाऊ!" म्हणत त्या दोघांनी मित्राची पाठ थोपटली. सगळे हसले. मीही हसलो, न हसून करतो काय.

परतीच्या एसटीत मात्र राहवलं नाही.

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तुह्या तोंडावर दिसलं असतं. तुले कुठी खोटं वागता येते?"

"कधी ठरवलं होतं हे?"

"लाल रंग आनला तवाच," तो सहज म्हणाला. लपवावंसं काही त्याला वाटलंच नसावं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या खेळात फसवाफसवी चालते, मला ठाऊक आहे. दोनचार फुटकळ शिपाई पुढे करून मीही कितीदा समोरच्याला चकवलं आहे. पण समोरच्याला! इथे तो माझ्या बाजूला बसला होता. हिवाळाभर "वा, काय काम आहे" म्हणत माझ्या घरी चहा पीत होता, आणि मी रंगवत होतो ते त्याच्या लेखी नुसतं आमिष होतं. याला मी केसाने गळा कापणं म्हणतो. जिंकलो म्हणून ते बदलत नाही.

"मी नाही येत नागपूरले," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. त्याने मनवावं, चार शिव्या घालाव्यात, "चाल बे, नाटकं नको करू" म्हणावं, एवढ्यासाठी मी ते बोललो होतो. तेवढ्यावर मी सगळं विसरायला तयार होतो.

त्याने थोडा विचार केला.

"बरं," तो म्हणाला. "मंग घोडदळ तेवढं दे. जोडीले कोनी पन भेटते."

घोडदळाचा डबा माझ्या मांडीवर होता. मी तो दिला नाही. त्यानेही दुसऱ्यांदा मागितला नाही.