चौथा टेक

काठीच्या टोकानं म्हाताऱ्याचा पटका उडवायचा. माझं काम एवढंच.

मालिकेत मी पाटलाचा माणूस होतो. मेंढरं पाटलाच्या पिकात शिरतात, पाटील बाजेवर बसून नुसती मान हलवतो आणि मी पुढं होऊन मेंढक्याच्या डोक्यावरचा पटका काठीनं खाली पाडतो. तोंडी एक वाक्य नाही. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, गावोगाव टीव्ही आले होते आणि पडद्यावर नुसता हात दिसला तरी मी धन्य होत होतो.

शूटिंग इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या पुढं माळावर. मेंढक्याच्या कामासाठी मुंबईहून आणलेला नट दिग्दर्शकांना पसंत पडेना. "फार धुतलेला वाटतो हा," ते म्हणाले. मग त्यांनी बघ्यांच्या गर्दीकडं बोट केलं. "तो बघा, घोंगडीवाला. काय ओरिजिनल चेहरा आहे!"

मी वळून बघितलं. आमचे आबा होते. माझे वडील.

माझी आत्या बावड्याला दिलेली. तिच्याकडून कळलं म्हणून आबा लोणी भापकरहून एसटीनं आले होते. मला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर मी 'येऊ नका' म्हणालो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारण युनिटच्या लेखी माझे वडील बारामतीला मुख्याध्यापक होते. मीच त्यांची नेमणूक केली होती. पुण्यात नाटकाच्या तालमीला पहिल्यांदा गेलो, तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या मुलीनं नाक मुरडून विचारलं होतं, "मेंढ्यांचा वास कुठून येतोय?" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. त्यानंतर मी 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाय'चं 'नाही' केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं चाललेलं घर एका वाक्यात शाळेत नेऊन बसवलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातली काठी निरखत होतो. काठीत निरखण्यासारखं काही नव्हतं. आबा काय समजायचं ते समजले.

"करतू की, सायेब," ते दिग्दर्शकांना म्हणाले.

पहिला टेक. पटका नुसता सरकला. "मारतोयस की कुरवाळतोयस?" दिग्दर्शक ओरडले. दुसऱ्या टेकला पटका खांद्यावर पडला. त्यांना तो धुळीत पडायला हवा होता. दर वेळी आबा तो सोडून पुन्हा बांधत. ड्रेसवाला मदतीला गेला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमचं आमी बांधतू." वेळ लागत होता. "आटप रे म्हाताऱ्या, ऊन चाललंय," कुणीतरी म्हणालं. मी तेही ऐकून घेतलं.

तिसऱ्या टेकला मी दातओठ खाऊन काठी फिरवली. पटका लांब धुळीत गेला. आबांचं टक्कल उन्हात उघडं पडलं. आई गेली तो दिवस सोडून मी त्यांना चारचौघांत बोडकं बघितलं नव्हतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"ओके. पण सेफ्टीला अजून एक घेऊ," दिग्दर्शक म्हणाले.

सेफ्टीला. म्हणजे लागला तर असावा म्हणून.

आबांनी पटका उचलला, झटकला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "सायेब, जरा जोरात मारा. मला लागत न्हाय. तुमाला उगं बोलणी बसत्यात."

सायेब. तुमाला. जन्मात आबांनी मला 'आरं'शिवाय हाक मारली नव्हती. माझं खोटं सांभाळायला हा माणूस स्वतःच्या पोराला अहोजाहो करत होता. मला स्वतःची किळस आली.

"ह्यो माझा बाप हाय," मी म्हणालो. मोठ्यानं. घासूनपुसून ठेवलेली भाषा कुठच्या कुठं गेली.

दिग्दर्शकांनी एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांचा चेहरा खुलला.

"मग तर सोन्याहून पिवळं! रिॲक्शन खरी मिळेल. क्लोजअप लावा रे."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

मी काठी खाली टाकली. "मी मारणार न्हाय."

"वेडा आहेस का? आख्खं करिअर पुढं पडलंय तुझं."

"न्हाय."

चिकटवलेली मिशी ओढून काढली. ओठाची साल निघाली. अंगरखा ड्रेसवाल्याच्या हातात दिला आणि आबांना घेऊन चालत एसटीच्या थांब्यावर आलो.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणालो.

आबा पटका बांधत होते. शेवटचा पेच त्यांनी घट्ट बसवला. मग म्हणाले, "तीन डाव तर मारलंस. चौथ्यानं काय झालं असतं?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. एसटी बारामतीला पोचेपर्यंत आम्ही खिडकीबाहेर बघत होतो.

मालिकेत त्यांनी तिसरा टेक वापरला. गावी आमच्या गल्लीनं तो शेजारच्यांच्या टीव्हीवर बघितला. आबा शेवटपर्यंत मांडी घालून बसले होते. शेवटी नावं सरकली. पाटलाचं, माझं, जेवण पुरवणाऱ्याचंसुद्धा. आबांचं नव्हतं. असणार कसं? दिवसभरात त्यांना कुणी नाव विचारलंच नव्हतं.

आबा आता नाहीत. अजूनही भर दुपारी कुणाच्या घरातून पुन्हा लागलेल्या त्या मालिकेची धून आली की माझा उजवा हात जड होतो. मी जिथं असेन तिथून उठून जातो. धून मागून येते.

कामं येतात. बहुतेक मारणाऱ्याचीच, चेहरा तसा आहे म्हणे. पहिल्या टेकच्या आधी मी समोरच्या माणसाजवळ जातो, त्याला नाव विचारतो, गाव विचारतो. वेळ जातो म्हणून दिग्दर्शक वैतागतात. एकदोघांनी मला काढूनही टाकलं. टाकू देत. मी सगळ्यांना एकच सांगतो. ह्या माणसाचं नाव पडद्यावर येईल असं कागदावर लिहून द्या, मग मी हात उचलतो. नाहीतर दुसरा हात शोधा.