सहाशे किलोच्या आत

काशीनाथ सावे पाणीपुरीची गाडी काढतोय, ही बातमी डहाणू स्टेशनजवळच्या त्या आळीत पहिल्यांदा कोणी आणली, ते आता कोणी कबूल करणार नाही. पण आणली खरी, आणि दोन दिवसांत तिला भेळ, रगडा आणि उसाचा रसही चिकटला. आळीचा तरी काय दोष? चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड असलेला माणूस रिटायर झाल्यावर रोज सकाळी डबा घेऊन तलासरीच्या बाजूला वेवजीला जातो, एका वेल्डरच्या शेडमध्ये दिवसभर बसतो आणि संध्याकाळी शर्टावर लोखंडाचा कीस घेऊन परततो. असं रोज डोळ्यांसमोर घडत असताना गप्प बसणं आळीच्या प्रकृतीला झेपणारं नाही.

खरी गोष्ट कळली तेव्हा हसू आणखीच वाढलं. काशीनाथ चाकांवरची खोली बनवत होता. मुलाच्या, म्हणजे परेशच्या, सात सीटच्या गाडीमागे हुकाला अडकवून ओढत न्यायची. आत पलंग, संडास, पाण्याची टाकी, खिडकीला पडदा. या वयात हनिमूनला निघाले सावे, असं कोपऱ्यावरच्या दुकानात ठरलं आणि त्यावर तीन कटिंग जास्त खपले.

मग ती खोली कोणासाठी ते कळलं, आणि दुकानात जरा वेळ नुसते कप वाजले.

काशीनाथच्या बायकोला, यमुनाबाईंना, पोटाचा आजार होता आणि तो सरकत मणक्यापर्यंत गेला होता. त्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नसे, मध्येच आडवं व्हावं लागे, आणि संडास जवळ लागे. जन्मभर त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. नोकरीची पहिली अकरा वर्षं जव्हारच्याही पलीकडे एका पाड्यावर काढलेली. नवरा मालगाडीवर, आज वलसाड तर उद्या वसई. त्या अकरा वर्षांत काशीनाथ त्या शाळेपर्यंत एकदाही पोचला नव्हता. ठरवायचा, आणि ऐन वेळी ड्यूटीचा निरोप यायचा. गेल्या गणपतीत दवाखान्यातून आल्यावर यमुनाबाईंनी एकच गोष्ट मागितली.

"माझी शाळा एकदा बघायला चला माझ्याबरोबर."

परेशने ॲम्ब्युलन्स सुचवली. त्यावर यमुनाबाई म्हणाल्या की, तसं गेलं तर अख्खा पाडा आपल्याला बघायला गोळा होईल, आणि आपल्याला तर पाडा बघायचाय. विषय तिथंच संपला. काशीनाथच्या डोक्यात चाकांवरची खोली आली ती त्या संध्याकाळी.

आता मालगाडीचा गार्ड म्हणजे वजनाच्या बाबतीत महाकर्मठ माणूस. प्रत्येक डब्यावर रिकामं वजन किती, भरल्यावर किती, हे रंगवलेलं असतं, आणि कागद व गाडी जुळल्याशिवाय हिरवा बावटा दाखवायचा नाही ही त्याची संध्या. त्याने परेशच्या गाडीचं पुस्तक काढलं, चष्मा पुसून दोनदा वाचलं. मागे ओढायचं ओझं जास्तीत जास्त सहाशे किलो. गाडी, माणसं, सामान आणि मागची गाडी सगळं मिळून पंचवीसशे सत्तर. परेश म्हणाला, बाबा, कंपन्या कमीच लिहितात, थोडं इकडेतिकडे चालतं. काशीनाथने त्याच्याकडे असं बघितलं की परेशला लहानपणी हरवलेला सायकलचा पंप आठवला असणार.

वेवजीचा हिरू वेल्डर हाताने चांगला, पण त्याच्या हाताला सवय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची. विटा, गवत, रेती, काहीही भरा, वाकणार नाही अशी. त्याने सांगाडा उभा केला आणि अभिमानाने त्यावर उडी मारून दाखवली. तलासरीला हायवेवरच्या वजनकाट्यावर नेऊन चढवला तर नऊशे दहा किलो.

"काका, हलकी केली तं मोडंल," हिरू म्हणाला.

काशीनाथ म्हणाला, तीनशे दहा किलो कमी कर, मग मोडण्याचं बघू.

तिथून पुढे सहा महिने त्या खोलीचं वजन उतरवण्यात गेले. जाड चॅनल काढून पातळ नळी आली. पत्र्याच्या जागी प्लायवुड आलं, प्लायवुडला भोकं पडली. पलंगाच्या लाकडी फळ्या जाऊन पट्ट्या विणल्या गेल्या. पाण्याची टाकी निम्मी झाली. काय कुठे ठेवायचं यावरही वाद, कारण सगळं ओझं मागे गेलं तर गाडीचं शेपूट हलतं आणि पुढे आलं तर हूक दबतो. कागदपत्रांसाठी किती खेपा झाल्या त्या वेगळ्याच. शेजारच्या विनिताने प्रवासासाठी आधीच बेसनाचे लाडू दिले, तर काशीनाथने ते पिशवीत ओतून घेतले आणि डबा परत केला, का, तर डबा साडेतीनशे ग्रॅम. ही गोष्ट विनिताने किती जणांना सांगितली ते मोजायला मात्र काटा नव्हता.

घरी यायला त्याला सात वाजत. हातपाय धुऊन तो खाटेशी बसे आणि आज किती कमी झालं ते सांगे. जेवलीस का, विचारलं की यमुनाबाई जेवले म्हणत. ताट घासून पालथं घातलेलं असे. दवाखान्याला परेश आणि सून अदिती नेत, फाईल त्यांच्याकडेच असे. काशीनाथला वाटे, तिकडचं ते बघतायत, इकडचं आपण बघतोय. मार्चअखेर खोली पाचशे पंच्याऐंशीवर आली त्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला. यमुनाबाईंनी पेढ्याचा कण जिभेवर ठेवला, बाकीचा उशीखाली सारला.

निघायचा दिवस शनिवारचा. सकाळीच दोघांचं वाजलं. शाळेतल्या पोरांसाठी यमुनाबाईंना चिकूच्या दोन पेट्या न्यायच्या होत्या. डहाणूची मास्तरीण इतक्या वर्षांनी जाणार आणि एक पेटी नेणार, हे त्यांना पटेना. काशीनाथने कागद पुढे धरला. गाडी, खोली, परेश अठ्ठ्याहत्तर, आपण सहासष्ट, यमुना चोपन्न, सामान, एक पेटी. बेरीज पंचवीसशे पासष्ट. दुसरी पेटी वीस किलोची, बसत नाही. यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, बरं. पेटी ओट्यावर राहिली.

मधल्या सीटा पाडून त्यांची गादी केली होती. परेशने त्यांना उचलून आत ठेवलं, अख्ख्या आळीने कामं काढून दारात उभं राहून ते बघितलं, आणि एकानेही विनोद केला नाही. वेवजीहून खोली जोडून घेतली. हिरूने तिला नारळ फोडला, पण काशीनाथने वजनाच्या नावाखाली प्रसादाची वाटी घेतली नाही. मग तलासरीचा काटा. तिथून चारोटी, कासा, विक्रमगड आणि पुढे जव्हारचा चढ.

काट्यावर आकडा आला पंचवीसशे पंचेचाळीस.

दुसऱ्या कोणालाही आनंद झाला असता. काशीनाथ खाली उतरून कागद बघत राहिला. वीस किलो कुठे गेले? त्याने काटेवाल्याला विचारलं.

"काका, काटो नवो छे. बराबर छे," काटेवाला म्हणाला.

परेशला डिझेलची टाकी बघायला लावली, भरलेली. स्टेपनी जागेवर, पाणी काठोकाठ, पेटी आत. मागून हॉर्न वाजायला लागले. परेश म्हणाला, बाबा, कमीच भरलंय ना, चला. काशीनाथ म्हणाला, कागद जुळत नाही. आपल्या उतरण्याने आकडा किती घटला ते त्याने बघितलं, पासष्ट. परेशला उतरवलं, ऐंशी. पाच-पाच किलोंच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर दोघं चोख भरले. आता गाडीत एकच माणूस उरलं होतं आणि परेश मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला होता.

"काय कमी पडतंय?" आतून यमुनाबाईंनी विचारलं.

"काही नाही. काट्यातच घोळ असेल."

"काट्याला कशाला बोल लावताय? माझे किती धरलेत?"

"चोपन्न."

"अहो, ते गेल्या गणपतीतले."

काशीनाथने परेशकडे बघितलं. परेश वर न बघताच हळू म्हणाला, "मला वाटलं तुम्ही फाईल बघता."

काशीनाथ दाराशी गेला. आठ महिन्यांत त्याने खोलीतला एकेक खिळा हातात घेऊन तोलला होता. कुठली पट्टी कधी कापली, तिने किती ग्रॅम वाचवले, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. चादरीवर पडलेला बायकोचा हात मात्र त्याने आत्ता बघितला. बांगड्या कोपरापर्यंत सरकू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला होता. तो कधी गुंडाळला, कोणी, त्याला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे दुसरी पेटी बसली असती की," यमुनाबाई म्हणाल्या. रागाने नाही, वर्गात उत्तर चुकलेल्या पोराला म्हणावं तसं.

मागचा ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून हिंदीत काहीबाही सांगत होता.

"ऐका," त्या म्हणाल्या. "ही ओढत नेली तर चढाला संध्याकाळ होईल. तेवढा वेळ मला निघायचा नाही. सोडा ती इथं. आणि तुम्ही मागे या."

परेश काही म्हणणार होता. काशीनाथने हात वर केला आणि स्वतःच जाऊन हूक सोडला, साखळी काढली. आतून उशी, चादर आणि शौचाचं भांडं एवढंच घेतलं. काटेवाल्याने दोन माणसं लावून ती खोली कुंपणाकडे ढकलली. ती इतकी हलकी झाली होती की एकट्यानेही हलली असती. आळी मागाहून म्हणाली, आठ महिने आणि नारळ फुकट. पण हळू आवाजात म्हणाली, आणि काशीनाथ समोर नसताना.

तो मागे बसला, तिचं डोकं मांडीवर घेऊन. विक्रमगडला एकदा थांबले, चढावर दोनदा. दोन वाजता पाड्यावर पोचले. शाळा शनिवारची सकाळीच सुटली होती, अंगणात एक शेळी होती. दोन खोल्या, वर पत्रा, दाराला कुलूप. अकरा वर्षं तो मनात जिच्याकडे जायला निघत होता ती शाळा त्याला बरीच मोठी वाटत आली होती. परेश चिकूची पेटी घेऊन शेजारच्या घराकडे गेला.

यमुनाबाईंना उतरवण्यासारखं नव्हतंच. काशीनाथने सगळी दारं उघडली आणि उशी उंच केली. त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी पायरीजवळच्या एका सपाट दगडाकडे बोट केलं.

"शनिवारी तिथं बसायचे मी. शेवटची एसटी येईपर्यंत."

एसटीने कोण यायचं होतं ते त्याला विचारावं लागलं नाही. तिथून रस्ता वळणापर्यंत सरळ दिसत असणार.

काशीनाथ गाडीतून उतरला, अंगण ओलांडून गेला आणि त्या दगडावर बसला. दगड तापलेला होता. परेश परत आला, गाडीशी उभा राहिला, आणि त्याने बापाला हाक मारली नाही. आत यमुनाबाईंनी डोळे मिटले होते, पण झोप लागलेली नव्हती.