चित्रातली लांब गाडी

नव्वदच्या दशकात मी शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजचं ऑफिस सांभाळत होते. तिथे जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त होत. एका अरब गिऱ्हाइकाने वडिलांची स्टेशन वॅगन आणली. तिची मागची बॉडी लाकडाची होती आणि ते लाकूड पार कुजलेलं. मापं कुठेच मिळेनात. होती फक्त त्याच गाडीची जुन्या मासिकातली जाहिरात, हाताने रंगवलेली. पुढे नवरा आणि हातमोजे घातलेली बायको, मागे तीन मुलं, वर मोठ्या अक्षरांत ‘फॅमिली कार’.

आमचा सुतार कुडाळचा. गल्फमध्ये बायकोलाच फॅमिली म्हणतात, म्हणून पेंटरने त्याला चिडवलं, “तेरा फॅमिली किधर है?”

“गाँव में. पार्किंग में.” सगळे हसले, तो हसला नाही. पंधरा दिवसांनी बायकोचं ऑपरेशन होतं. मालक म्हणाला होता, गाडी झाली की सुट्टी. तोवर त्याचा पासपोर्ट ऑफिसात माझ्या कपाटात.

मी चित्रातलं चाक मोजलं, खरं चाक मोजलं, त्रैराशिक मांडलं आणि मागच्या भागाची लांबी काढून दिली.

“ताई, चासीला हे जास्त होतंय.”

“हिशोब बरोबर आहे. काप तू.”

दहा दिवसांनी सांगाडा चढवला, तर मागचा दरवाजा बंपरच्या वीतभर बाहेर.

सुतार जाहिरात हातात घेऊन उभा राहिला. “ताई, ह्या बापाचं डोकं बघा. स्टिअरिंगपुढे केवढंसं! माणसं बारकी केलीत आणि गाडी ओढून लांब केलीय.”

खरं होतं. गाडी विकायला काढलेलं चित्र मी नकाशा म्हणून वापरलं होतं.

मालक ओरडला, “खलास! छुट्टी कॅन्सल. पहले काम पूरा करो.”

“माप मैंने दिया. ये मना कर रहा था.”

“तो भी नहीं जाएगा.”

मी कपाट उघडलं आणि पासपोर्ट सुताराच्या हातात दिला. सुट्टीच्या अर्जावर मालकाच्या जागी मी सही केली. तिकीटही मीच काढलं. मालक पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. नोकरी गेली नाही, कारण गिऱ्हाइकाशी इंग्रजीत पत्रव्यवहार करणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो गावी पोहोचला. बायको ऑपरेशननंतर नऊ दिवस जगली. “नऊही दिवस मी तिथेच होतो,” एवढंच त्याने मला फोनवर सांगितलं.