इब्राहीमभाऊची अकरा वाजताची संध्याकाळ

गोंडपिपरीच्या बस स्टँडजवळ इब्राहीमभाऊचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक स्टूल आणि मागं रंगवलेला पडदा. पण त्याचं नाव झालं ते एका काचेमुळं. तळहाताएवढी चौकोनी काच. वर लालभडक, खाली येता येता लाली पातळ होत जाई आणि अर्ध्यापासून पुढं नुसती नितळ. ती कॅमेऱ्यापुढं सरकवली की खालची माणसं जशीच्या तशी येत आणि वरचं आभाळ दिवस बुडताना पेटावं तसं पेटे.

आमच्या गावच्या तलावावर तो अकराच्या गाडीनं यायचा. त्यामुळं गावातल्या सगळ्या फोटोंत संध्याकाळ अकरा वाजताच झालेली आहे. रुखमाबाईच्या नवऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळात सव्वाअकरा, आणि मागं दिवस मावळतो आहे. कोणाला काही खटकलं नाही. नवरा उंच असला की इब्राहीमभाऊ त्याला तलावाच्या पाळीवर बसवायचा आणि बायकोला शेजारी उभी करायचा. आम्हा बायकांना वाटे, काय मान देतो हा माणूस!

आमचाच तेवढा फोटो राहिला होता. इब्राहीमभाऊ आला की आमच्या घरचे मालक नेमके जाळं घेऊन छातीएवढ्या पाण्यात. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, दोघांचा एक फोटो नाही. शेवटी दोन हजार चार साली मी त्यांचं जाळंच लपवलं आणि इब्राहीमभाऊला निरोप धाडला.

तो आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तोंड धुवायला विहिरीवर गेला. पिशवीतून ती काच डोकावत होती. तेव्हा मी ती पहिल्यांदाच जवळून पाहिली. हा माणूस दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, बोटं लाल, दात लाल. मला वाटलं, काचेलाही तेच डाग चढले. पाहुण्याची वस्तू आपल्या दारातून अशी मळकी कशी जाऊ द्यायची? चुलीतली राख घेतली, धानाच्या तणसाची मूठ घेतली आणि घासायला बसले. डाग हटेना, म्हणून जोर केला.

इब्राहीमभाऊ परत आला तो तसाच उभा राहिला. "बाई, हे काय करून राह्यल्या?"

"डाग निघूनच नाई राह्यला, भाऊ."

तो ओट्यावर बसला. ती काचसुद्धा नव्हती म्हणे, प्लॅस्टिकसारखं काहीतरी होतं. तिच्यातून पाहिलं तर तलाव धुक्यात बुडालेला. आमच्या घरच्यांना म्हणाला, "इस्तारीभाऊ, आज बसू नका. आता उभे राह्यले काय अन् बसले काय." आणि आमचा साधाच फोटो काढून नेला.

महिन्याभरात कानावर आलं, इब्राहीमभाऊ स्टुडिओ बंद करतो आहे. तसली काच चंद्रपुरात नाही, नागपुरात नाही. लोक लाल आभाळ मागतात आणि नाही म्हटलं की परत जातात. आता तो भावाच्या, अकरमच्या सायकल दुकानात हवा भरायला बसणार होता. हे माझ्यामुळं झालं होतं. वाळवलेली मासोळी बांधून घेतली आणि गोंडपिपरी गाठली.

त्याची मुलगी आफ्रीन चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकून आली होती. स्टुडिओच्या कोपऱ्यात शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो करत बसे. तिनं मला हळूच सांगितलं, ती लाली कॉम्प्युटरातही चढवता येते, पण अब्बा हात लावू देत नाहीत.

इब्राहीमभाऊनं ऐकलंच. "माऊसनं चढवलेला रंग खोटा असते, बाई. मी कोणाले खोटं आभाळ देल्लं नाई."

"अन् अकरा वाजता दिवस बुडवत होते, तो खरा होता काय भाऊ?"

त्यानं मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि बाहेर बघू लागला. आफ्रीननं ती परवानगी समजली. आमचा फोटो स्कॅनच्या मशीनीवर ठेवून कॉम्प्युटरात घेतला आणि माऊस वरून खाली ओढला. लाली उतरली, वर गडद, खाली पातळ, हुबेहूब त्या काचेसारखी. फक्त आमच्या घरच्यांचं पांढरं डोकं भुवयांपर्यंत लाल झालं.

मी इब्राहीमभाऊच्या दाढीकडं बघून म्हटलं, "आता तुम्ही अन् आमच्या घरचे सख्खे भाऊ दिसता."

तसा इब्राहीमभाऊ उठला. "मी उंच माणसाले बसवत काऊन होतो, वाटते तुले?" असं पोरीला विचारत तो जवळ आला. तेव्हा मला समजलं, बायकांच्या मानाचा त्यात काही संबंध नव्हता. नवऱ्याचं डोकं आभाळात घुसू नये, एवढंच होतं.

आफ्रीन म्हणाली, इथं बसवायचं काम नाही. रंग पातळ कागदासारखा वेगळा वर ठेवलेला आहे, डोक्यापुरता पुसला की झालं. इब्राहीमभाऊनं स्टूल ओढलं. "पुस. अजून. पाळीवरच्या झाडापाशी थांबव. वरचा गडद राहू दे." माऊसला त्यानं बोट लावलं नाही, पण कॉम्प्युटरच्या पडद्याला इतकी लावली की सगळे खर्र्याचे ठसे उमटले. मी पुसायला पदर उचलला, तर बापलेकीनं एकदम माझा हात धरला.

स्टुडिओ बंद झाला नाही. तो स्टूलवर बसून सांगे, ती करे. आमच्या फोटोत शेवटी आमच्या घरच्यांच्या डाव्या कानावर थोडी लाली राहिली होती. इब्राहीमभाऊच्या नजरेतून ती सुटली नाही. "हे पण पुसाले लावू काय, बाई?"

मी म्हटलं, "राहू द्या. लग्नात तं लाजले नाई, आता लाजू द्या."