रिलिव्हर

मी रोह्यात घरी बसून नसतो, घरून काम करतो. हा फरक शेजाऱ्यांना समजावण्याचा नाद मी कधीच सोडला. पगाराच्या कामाशिवाय मी एक फुकटचंही काम करतो. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. आमचा कंपायलर सगळ्यांना खुला आहे, आणि देशोदेशीचे लोक मिळून तो सांभाळतात. त्यातला एका जुन्या चिपचा भाग सहा वर्षं माझ्याकडे आहे. ही चिप अजून दवाखान्यांत सलाईन मोजून सोडणाऱ्या पंपांमध्ये चालते.

गेल्या वर्षी मी वैतागलो. तक्रारी करणारे ढीगभर, आभार मानणारा एखादाच. एका रविवारी सकाळी ‘आजपासून हे मी बघणार नाही’ अशी मेल लिहिली आणि पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवली. बाबा धाटावच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं शिफ्टमध्ये, कंट्रोल पॅनलवर होते. पोह्यांवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "रिलिव्हर आला काय?"

"माझा कसला रिलिव्हर?"

"तुझ्या जागेवर बसनारा. तो आल्याबिगर पॅनल सोडून उठायचं नाय."

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. सातवीत मला गणिताच्या परीक्षेत बक्षीस मिळालं होतं, संध्याकाळी पाचला पेणला समारंभ होता. बाबांची शिफ्ट तीनला सुटायची. नवा शर्ट घालून मी एसटी स्टँडवर त्यांची वाट पाहिली, शेवटी आईबरोबर गेलो. दुसऱ्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, "रिलिव्हरचा घोळ झाला." त्याचा राग माझ्या मनातून कधी गेलाच नाही.

तरी मेल बदलली. ‘हे काम कुणी घेईल का?’ असं विचारलं. तीन दिवसांत एकाचं उत्तर आलं. कोण, कुठला, काही कळेना. माझ्या प्रश्नांना त्याने बगल दिली, पण कंपायलरमध्ये थेट बदल करायचे हक्क कधी देताय, हे मात्र तीनदा विचारलं. मला सुटायचं होतं. हक्क देण्याचं बटण दाबायच्या बेतात असतानाच मी ओरडलो, "बाबा, आला रिलिव्हर!"

"कसा हाय?"

"आला ना, बास झालं. माझ्या बक्षिसाच्या दिवशी तुमचा तर आलाही नव्हता."

बाबा म्हणाले, "आला व्हता. अडीचलाच. पन पिऊन आलेला. त्याच्या हातात पॅनल कसा देनार? त्याला मागे झोपवला नि मीच बसलो. नोकरी गेली असती त्याची, म्हनून कुनाला बोललो नाय."

"मला तरी सांगायचं!"

"तुला? त्याचा पोरगा तुझ्या बाकावर बसायचा."

मला एकदम आठवलं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, माझे बाबा आले नाहीत म्हणून मी त्याच मुलापाशी रडलो होतो. त्याने मला आपल्या डब्यातला लाडू दिला होता. मला फार लाज वाटली.

हक्क दिले नाहीत. त्या माणसाला लिहिलं, आधी काही महिने माझ्याबरोबर काम करा. त्याचं उत्तर पुन्हा आलं नाही.

चिप अजून माझ्याकडेच आहे. रविवारी पोहे खाताना बाबा विचारतात, "आला काय?"

"नाय अजून," मी म्हणतो, आणि त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढतो.